काही टोचलं होतं का?

“आधी टोक बघ,” माय म्हणाली. “हाय का जागेवर?”

चिमट्यात धरलेला काटा मी उन्हाकडे केला. शिंदीचा काटा बोटभर लांब असतो. बुडाशी हिरवट, मध्ये पिवळा आणि टोकाला काळपट. हा पिवळ्यावरच संपत होता.

“न्हाई,” मी म्हणाले. “मोडलंय.”

“मोडलं तर मोडलं.” तिनं दोन्ही अंगठ्यांनी गुडघ्याची कातडी दाबली. रक्ताचा एक थेंब वर आला आणि तिथंच थांबला. “आत राहिलं असंल तर मास ढकलंल त्याला भाईर. आजवर काय कमी ढकललेत?”

“सुईनं काढू का?”

“तुला शाळा न्हाई का आज? आन् मला बी शंभर कामं हायत. गूळ-हळद गरम करून आन चिंधीवर, की झालं.”

मी गूळ-हळद लावून चिंधी बांधली. माय पुन्हा त्याच गुडघ्यावर बसली.

आमच्या गल्लीत चार घरं केरसुण्या बांधायची. ओढ्याच्या काठावरून शिंदीच्या झावळ्या तोडून आणायच्या, वाळवायच्या, बुडाचे काटे कोयत्यानं छाटायचे, मग खिळे ठोकलेल्या फळीवरून पानं ओढून त्यांच्या बारीक चिरफाळ्या करायच्या आणि मूठ आवळून बांधायची. फळी हलू नये म्हणून ती उजव्या गुडघ्याखाली दाबून धरायची. त्या सकाळी मायनं न छाटलेली झावळी बाजूला सारली आणि बघितल्याशिवाय गुडघा टेकला, एवढंच झालं होतं.

दसरा आदल्या दिवशी झाला होता. दिवाळीपर्यंतचे वीस दिवस म्हणजे आमचा हंगाम. लक्ष्मीपूजनाला प्रत्येक घरात नवी केरसुणी लागते, तिला हळदकुंकू वाहतात, त्या दिवशी तिला केरसुणी म्हणत नाहीत, लक्ष्मी म्हणतात. आमच्या गल्लीत वर्षभर तसंच म्हणायचे. “आज सहा लक्ष्म्या दिल्या,” असं. त्या वीस दिवसांत कुणी आजारी पडत नसे. आणि काटा टोचला असं तर आमच्याकडे कधीच कुणी म्हणत नसे. चुलीपुढं बसणारी बाई मला धूर लागला असं सांगत फिरत नाही, तसंच ते.

शेजारची गयामावशी कुंपणावरून बघत होती. “वच्छे, मायचा पाय सोड आन् शाळंला पळ,” ती म्हणाली. “बालिष्टर झालीस म्हंजी आमच्या लक्ष्म्यांना सोन्याच्या तारंनं बांध.”

“हिला सोन्याची तार कशाला लागंल?” माय म्हणाली. “ही बोलूनच बांधती.”

मी तेव्हा दहावीत होते. वडील मी चौथीत असतानाच गेले होते. घरात आम्ही दोघीच.

चौथ्या दिवशी चिंधी सोडली तेव्हा जखमेचं तोंड मिटलं होतं. दिवाळीपर्यंत डागसुद्धा उरला नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी माय डोक्यावर भारा घेऊन गावातल्या आळ्यांमधून हिंडली. मी बरोबर गेले नाही. मी कधीच जात नसे. अभ्यास आहे म्हणायची, आणि माय “बस मग अभ्यासाला” म्हणायची.

त्यामागचं कारण अपर्णा होतं. अपर्णा पानगावकर. डॉक्टरांची मुलगी. आठवीत शाळेच्या पहिल्या दिवशी ती माझ्या बाकावर येऊन बसली आणि डबा उघडायच्या आधीच तिनं विचारलं, “तुझी आई काय करते?” मी म्हणाले, “शिवणकाम.” का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तोंडातून गेलं. गेलं ते गेलं, मग तीन वर्षं मी ते सांभाळत राहिले. तिला घरी बोलावलं नाही. तिच्या घरच्या मागच्या दारी दर दिवाळीला जी लक्ष्मी यायची ती कुणाच्या हातची, हेही सांगितलं नाही.

भाऊबीजेनंतर आठवड्याभरानं माय एका सकाळी उठलीच नाही. हाक मारली तर म्हणाली, “पाय माझा न्हाई वाटत.”

पांघरूण काढलं. उजवा गुडघा दुधी भोपळ्यासारखा फुगला होता. कातडी ताणून चकचकीत झाली होती. हात लावला तर तापलेल्या तव्याजवळ धरल्यासारखा गरम.

गयामावशीनं बघितलं आणि निदान केलं. “वात हाय. माझ्या सासूला असाच होता.” निरगुडीचा पाला गरम करून बांधला, तेल चोळलं. दोन दिवस झाले, तीन झाले. माय फळीकडे बघत पडून राहिली. तिला परसाकडेला धरून न्यावं लागायचं, आणि तेवढ्या पन्नास पावलांत तिच्या वरच्या ओठावर घाम यायचा.

“पानगावकराकडं चला,” गयामावशी म्हणाली. “मानूस चांगला हाय. हात लावून बघतो.”

“सरकारी दवाखान्यात जाऊ,” मी घाईघाईनं म्हणाले.

“तितला डॉक्टर गुरवारी येतो. आज शनवार हाय. तवर काय पाय हातात घेऊन बसायचं?”

माय माझ्याकडे बघत होती. “बघू गुरवारी,” ती म्हणाली.

“काय गुरवारी? येडी हायस का सोजर?” गयामावशी ओरडली. तिनंच टांगा बोलावला.

निघताना मायनं पेटीतून हिरवं इरकली लुगडं काढायला लावलं. ते ती फक्त लग्नाकार्यात नेसायची. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. टांग्यात सगळा वेळ ते तिथंच होते. मला वाटलं, ताप आहे, थंडी वाजत असेल.

दवाखाना डॉक्टरांच्या घराच्याच खालच्या मजल्यावर होता. गयामावशी बाहेरच्या बाकावर बसली. मी आणि माय आत गेलो. डॉक्टर उंच, कपाळावर आठ्या, पण आवाज मऊ. त्यांनी खरंच हात लावून बघितलं. बोटांनी गुडघ्याच्या दोन्ही बाजू दाबल्या, पाय वाकवायचा प्रयत्न केला. मायनं दात आवळले, पण आवाज काढला नाही. मग शेजारच्या खोलीत नेऊन फोटो काढला. फोटो उजेडावर धरून बराच वेळ पाहिला.

“हाड चांगलं आहे,” ते म्हणाले. “काही दिसत नाही यात.”

तेवढ्यात आतल्या दारातून अपर्णा चहाचा कप घेऊन आली. मला बघून थांबली.

“वत्सला?” मग माझ्या शेजारी बघून म्हणाली, “आई का गं ह्या?”

“हो.”

“नमस्कार, काकू.”

मायनं मान हलवली. पदर आणखी बोटभर खाली आला. अपर्णानं कप वडिलांपुढं ठेवला, पण आत गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली. एरवी ती पोपटासारखी बोलायची. त्या दिवशी गप्प होती. आमच्या मायकडे बघून तिला काय वाटत असेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला.

“बाई, काम काय करता?”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते कोण जाणे. माझ्याआधीच माय म्हणाली, “शिवते.”

मी तिच्याकडे बघितलं. ती डॉक्टरांकडे बघत होती.

“शिवणकाम?”

“व्हय. पोलकी, परकर. पोरीबाळींच्या ओढन्यांना लेसबी लावते.”

आमच्या घरात मशीन नव्हती. सुयाही दोनच होत्या, एक गोधडीची आणि एक माझी बटणं लावायची. मी तीन वर्षं अपर्णाला सांगत आलेली गोष्ट मायला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. दारात अपर्णानं पाय बदलला.

“पायाची मशीन असेल,” डॉक्टर म्हणाले.

“व्हय, पायाची.”

“तरीच.” त्यांच्या आठ्या सैल झाल्या. “दिवसभर पाय हलवायचा, तोही एकच. सांध्याला सूज येणारच. पडला होतात का कुठं? मार लागला?”

“न्हाई.”

“काही टोचलं होतं का? खिळा, काच, काटा? महिना-दोन महिन्यांत?”

पदराखाली मायचे हात हलले.

“सुई टोचती की बोटाला,” ती म्हणाली. “गुडघ्यानं कोन शिवतंय, डाक्टरसायेब?”

डॉक्टर हसले. मीही हसले. हसायला आलं नव्हतं, तरी हसले. मग ते माझ्याकडे वळले.

“तू निबंध स्पर्धेत पहिली आलेली ना? अपर्णा सांगत असते. आईला आठवत नसेल, तू आठव. हे महत्त्वाचं आहे. गुडघ्याला काही टोचलं होतं?”

टेबलावर गुडघ्याच्या हाडांचा एक नमुना होता, पांढरा, दोन स्क्रूंनी जोडलेला. मी त्याच्याकडे बघत होते. मला काटा दिसत होता. चिमट्यात धरलेला, पिवळ्यावरच संपलेला. काटा म्हटलं की कसला काटा, ते सांगावं लागलं असतं. शिंदीचा म्हटलं की शिंदीत काय करत होतात, ते. अपर्णा माझ्यापासून चार हातांवर उभी होती.

“नाही, काका,” मी म्हणाले.

मायनं डोळे मिटले.

डॉक्टरांनी गुडघ्यातून सुईनं गढूळ पाणी काढलं आणि त्याच सुईवाटे औषध आत सोडलं. “सूज उतरवणारं इंजेक्शन आहे,” ते म्हणाले. “आठ दिवसांत मशीनवर बसाल.”

आणि दोन दिवस खरंच वाटलं तसं. सूज निम्म्यानं उतरली. माय भिंतीला धरून स्वतः चुलीपर्यंत गेली. गयामावशीनं गल्लीभर सांगितलं की तिनं नेलं म्हणून पाय वाचला. मी रात्री अंथरुणावर पडून स्वतःला सांगितलं की काट्याचा आणि याचा काही संबंध नव्हता. असता तर गुण आला असता का?

पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर माय दारात आडवी पडली होती. अंग भाजत होतं. ती मला तिच्या आईच्या नावानं हाक मारत होती. गुडघा पहिल्यापेक्षा मोठा झाला होता आणि मांडीपर्यंत लाल पट्टा चढला होता.

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही बाजारच्या जीपमधून पोचलो. मायचं डोकं गयामावशीच्या मांडीवर आणि पाय माझ्या. खड्डा आला की पाय उडू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तिला लगेच आत नेलं. आम्ही व्हरांड्यात बसलो. गयामावशी म्हणत होती, “नजर लागली गं. त्या हिरव्या लुगड्याला नजर लागली.”

दीड-दोन तासांनी एक तरुण डॉक्टर बाहेर आला. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. हातात पोलादी वाटी.

“नातेवाईक कोण?”

मी उठले.

त्यानं वाटी माझ्यापुढं धरली. कापसावर काळं काहीतरी होतं, तांदळाच्या दोन दाण्यांएवढं.

“हे काय आहे, सांगू शकाल?”

“शिंदीच्या काट्याचं टोक.”

तो चकित झाला. मी इतक्या चटकन ओळखीन असं त्याला वाटलं नव्हतं. “कधी गेला होता?”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“म्हणजे महिना झाला. आणि मध्ये कुणी इंजेक्शन दिलं सांध्यात?”

“हो.”

“काट्याबद्दल विचारलं नव्हतं त्यांनी?”

“विचारलं होतं.”

तो काहीतरी बोलणार होता. माझ्याकडे बघून थांबला. “बसा,” म्हणाला. “खाली बसा आधी.”

मी बसले. त्यानंही जवळ बसून सावकाश समजावून सांगितलं. काटा म्हणजे लाकूडच. फोटोत लाकूड दिसत नाही. वरची कातडी मिटते, माणूस विसरून जातो, आणि आत मोडलेलं टोक महिनाभर कुजत राहतं. सांध्याला ते सहन होत नाही. त्यात पू असताना सूज दाबणारं औषध गेलं की शरीर लढायचंच थांबतं. दोन दिवस बरं वाटतं. मग आग लागते.

“जीव वाचेल,” तो म्हणाला. “पायही वाचेल बहुतेक. पण सांधा खाल्ला गेलाय. गुडघा वाकणार नाही.”

“वाकनार न्हाई म्हंजी?” गयामावशीनं विचारलं.

“म्हणजे पाय सरळच राहील. कायम.”

“मग ती बसंल कशी?”

त्याला प्रश्न कळला नाही. त्यानं भिंतीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “खुर्चीवर बसतील की.”

गयामावशी माझ्याकडे बघत राहिली. केरसुणी खुर्चीवर बसून बांधता येत नाही, हे त्या इमारतीत आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

मायला तिसऱ्या दिवशी शुद्ध आली. ओठ फुटले होते. मी चमच्यानं पाणी पाजलं.

“निघाला का?” तिनं विचारलं.

“निघाला.”

“टोक बघितलंस?”

“बघितलं.”

“मग झालं.” थोड्या वेळानं म्हणाली, “तू परीक्षेचं बघ आता.”

मला विचारायचं होतं. शिवते म्हणून का सांगितलंस? तुला कुठून कळलं? तोंडापर्यंत आलं होतं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं लेकरू रडायला लागलं, माय तिकडे बघून हसली, आणि मी नाही विचारलं. मग एकतीस वर्षं नाही विचारलं.

त्या एकतीस वर्षांचं थोडक्यात सांगते. मायचा उजवा पाय फळीसारखा सरळ राहिला. ताठ पायानं तिला फळी गुडघ्याखाली दाबता येत नव्हती, ओढ्यात उतरता येत नव्हतं. सहा महिने ती खाटेवर बसून गयामावशीच्या फळीचा आवाज ऐकत राहिली. मग एक दिवस म्हणाली, मला हातानं फिरवायची मशीन बघा. जुनी मशीन मिळाली. टेबलावर मशीन, समोर माय, पाय बाजूला स्टुलावर. आधी पिशव्या शिवल्या, मग परकर, मग पोलकी. हात मूळचाच चपळ. दहा वर्षांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली. डॉक्टरांना सांगितलं होतं तेच काम तिनं पुढं आयुष्यभर केलं. लोक मला विचारायचे, तुझी आई काय करते? मी म्हणायची, शिवणकाम. ते आता खरं होतं.

अपर्णाशी मी पुन्हा फारसं बोलले नाही. परीक्षा झाली, ती पुण्याला गेली. मी लातूरला राहून शिकले आणि पुढं एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल झाले. तिथं दुपारच्या शांत वेळी मी मासिकं चाळायची. गुडघ्यात, बोटाच्या पेरात, घोट्यात राहिलेले काटे. माळी, बागायतदार, खेळताना झुडपात पडलेली मुलं, मासे साफ करणाऱ्या बायका. प्रत्येक लेखात वेगळ्या शब्दांत एकच वाक्य सापडायचं : रुग्णाला टोचल्याचं आठवत नव्हतं. ते वाक्य आलं की मी पान उलटायची.

माय या मार्गशीर्षात गेली. झोपेतच. आंघोळ घालताना गयामावशी, आता पार वाकलेली, तिच्या त्या पायावरून हात फिरवत राहिली. “ह्यो तर कवाचाच सरळ झालाय,” एवढंच म्हणाली.

पाचव्या दिवशी अपर्णा आली. मी दारात ओळखलं नाही. केस पांढरे, डोळ्यांखाली काळं, हातात कापडी पिशवी. आत बसल्यावर तिनं मायच्या फोटोला हात जोडले आणि मशीनकडे बघितलं.

“बाबा गेले गेल्या वर्षी,” ती म्हणाली.

“कळलं होतं. पत्र लिहायला हवं होतं मी.”

“वत्सला, मला तुला एक सांगायचंय. काकू होत्या तोवर सांगता येत नव्हतं. शब्द दिला होता मी त्यांना.”

“कुणाला? मायला?”

“मी आले होते इथं. तुमच्या घरी. त्या वर्षी नवरात्रात, तू निबंध स्पर्धेला लातूरला गेली होतीस तेव्हा. शाळेतल्या नाचासाठी ओढणीला लेस लावायची होती. म्हटलं वत्सलाची आई शिवते, तिच्याकडेच देऊ. विचारत विचारत आले.”

“इथंच अंगणात त्या पानं ओढत होत्या, खिळ्यांच्या फळीवर. मी विचारलं, वत्सलाच्या आई कुठं आहेत? शिवणकाम करतात त्या? त्यांनी माझ्याकडे बघितलं. जरा वेळ बघितलं. मग फळी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, मीच की. दे इकडं.”

बाहेर गयामावशी कुणाला तरी पाहुणीसाठी चहा ठेवायला सांगत होती.

“मला कळलं होतं गं. इतकी लहान नव्हते मी. आणि त्यांना कळलं, की मला कळलं. म्हणाल्या, ‘बाई, परवा येऊन घेऊन जा. पन तू इथं आलतीस हे आमच्या वच्छीला सांगू नको. तिला वाईट वाटंल.’ मी म्हटलं, नाही सांगणार. गळ्याची शपथ घातली त्यांनी.”

तिनं पिशवीतून एक ओढणी काढली. पिवळी, विरलेली. माझ्या मांडीवर ठेवली. जरीची लेस काळी पडली होती. मी कड उलटून बघितली. टाके हाताचे होते, मोठाले, एक इकडे एक तिकडे, शिवणकाम करणाऱ्या बाईचे ते नक्कीच नव्हते. दोरा गोधडीचा. आणि टोकाला, जिथं टाका संपवायचा, तिथं गाठ. दोन वेढे, एक आत, उलटा फास. केरसुणीची मूठ आवळल्यावर माय मारायची ती गाठ. मशीनवर बसायला लागल्यावर तिनं ती पुन्हा कधी मारली नाही.

“त्या दिवशी दवाखान्यात मी दारात होते,” अपर्णा म्हणाली. “काकू म्हणाल्या, ओढण्यांना लेस लावते. माझ्यासाठीच म्हणाल्या ते, मी बोलू नये म्हणून. बाबांनी काट्याचं विचारलं. मला फक्त एवढं सांगायचं होतं, बाबा, त्या शिंदीत काम करतात. एवढं एकच वाक्य. पण शपथ होती, आणि तू होतीस. महिन्यानं बाबांना कळलं, गुडघ्यात काय निघालं ते. घरी येऊन म्हणाले, ‘शिवणाऱ्या बाईच्या गुडघ्यात शिंदीचा काटा कुठून आला असेल?’ शेवटच्या आजारातही एकदा म्हणाले. मी नाही सांगितलं. त्यांना वाटत राहिलं, त्यांचंच चुकलं.”

तिनं डोळे पुसले नाहीत. माझ्या हातातल्या ओढणीचं दुसरं टोक तिनं धरलं होतं.

“एकतीस वर्षं मी हे घेऊन फिरतेय,” ती म्हणाली. “काकूंनी तुलाही सांगितलं नसणार. त्या कशाला सांगतील? तू तर शाळेत असायचीस. तुला कुठं ठाऊक असणार काटा टोचलेला.”

ती माझ्याकडे बघत होती. ‘हो’ तेवढं तिला माझ्याकडून ऐकायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी तिनं विचारलंच. अगदी तिच्या वडिलांसारखं, मऊ आवाजात.

“ठाऊक होतं का तुला?”

टेबलावर आता तो पांढरा नमुना नव्हता. मायची मशीन होती, तिच्या पट्टीवर अर्धवट शिवलेलं कुणाचं तरी पोलकं.

“टोक मोडलं होतं,” मी म्हणाले. “काटा मीच काढला होता. उन्हात धरून बघितलं होतं मी.”